उकिडवं बसण्याचे गुण

आमच्या गारखेड्यात नळाला पाणी येणार म्हटलं की घराघरांत लगीनघाई. मोटार, पाइप, ड्रम, बादल्या. अशाच एका पाण्याच्या दिवशी ओल्या फरशीवर माझी चप्पल सटकली, डावा पाय मुडपला आणि कट्कन आवाज आला. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली होती. बाहेरून प्लेट आणि स्क्रू, आतून दोन स्क्रू. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. मग वॉकर, मग काठी.

तीन महिन्यांनी डॉक्टर एक्स-रे बघून खूश झाले. "काकू, हाड एकदम छान जुळलंय." मी नुसतं "हो का?" म्हटलं. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेली पहिली दहा पावलं मला अजून आठवत होती. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी मला बाहेर फिजिओथेरपीच्या मुलीकडे पाठवलं.

तिच्याजवळ इंग्रजी फॉर्म होता, फूट अँड अँकल आउटकम स्कोअर. ती वाचून मराठीत सांगायची, मी उत्तर द्यायचं. 42 प्रश्न, तेही फक्त मागच्या आठवड्याबद्दल. दुखणं, सूज-आखडणं, रोजची कामं, खेळ आणि पायापायी जगण्यात पडलेला फरक असे पाच भाग. 2001 साली स्वीडनच्या संशोधकांनी तो गुडघ्याच्या अशाच एका फॉर्मवरून बेतला. त्याआधीची अमेरिकन पद्धत 1994 ची. तिच्यात घोटा किती वाकतो, सरळ बसलाय का, हे डॉक्टरांनी तपासून गुण द्यायचे. यात मात्र सगळे गुण पेशंटच्या तोंडून.

पेशंटच्या म्हणजे, आमच्याकडे ह्यांच्या. "रात्री दुखतं का?" असं विचारल्याबरोबर हे म्हणाले, "छे, शांत झोपते." मुलगी हसली. "काका, पाय काकूंचा आहे." ह्यांना चहा सांगायला पाठवलं.

बहुतेक ठिकाणी उत्तरं हीच पाच: अजिबात नाही, थोडं, मध्यम, खूप, अतोनात. तीस वर्षं पेपर तपासलेत मी, पण स्वतःला गुण देताना हात अडखळला. कुणी विचारलं की "बरं आहे" म्हणायची जन्माची सवय. पहिल्या पानावर सगळीकडे 'थोडं'च सांगत सुटले. ती पोरगी काही सुचवत नव्हती, नुसती पेन उचलून थांबायची. जिना उतरण्याच्या प्रश्नावर ती अशी थांबली आणि मी म्हटलं, "बरं, मध्यम लिही."

"बाथटबमध्ये उतरताना?"

"अगं, पाण्याची वाट बघत ड्रम भरणारी माणसं आम्ही, टब कुठला!" तो रकाना कोराच राहिला.

खरी गंमत पुढे होती. उकिडवं बसणं हा प्रश्न निघाला खेळाच्या भागात! धावणं, उड्या मारणं यांच्या रांगेत. विभागीय क्रीडा संकुल आमच्या घरापासून जवळच, पण तिथं कुणी उकिडवं बसायचा सराव करायला येतं असं मी पाहिलं नाही. माझ्या घरी संडास भारतीय पद्धतीचा, विळी जमिनीवर, देवघर जमिनीवर. आणि मांडी घालण्याबद्दल तर प्रश्नच नाही. प्लेट बाहेरच्या घोट्यावर, कातडीच्या लगेच खाली, आणि मांडी घातली की नेमकी तीच जागा फरशीवर दाबली जाते. तीन महिने मी हळदीकुंकवाला खुर्चीवर बसतेय.

एक प्रश्न मात्र अगदी घरचा वाटला: पायाचा भरवसा वाटत नाही, त्याचा किती त्रास होतो? पाण्याचा दिवस, ओली फरशी डोळ्यांपुढे आली. "खूप," मी म्हटलं. या वेळी तिला थांबावं लागलं नाही.

बेरीज प्रत्येक भागाची वेगळी. काहीच त्रास नसेल तर 100. माझे दुखण्यात 78, रोजच्या कामांत 75, खेळात 25. शाळेत असते तर क्रीडाशिक्षकांना बोलावून घेतलं असतं. वर्ष झालं की हाच फॉर्म पुन्हा भरायचा, म्हणजे फरक कळतो.

उठताना मी मांडीचं पुन्हा काढलं. तिनं समासात पेन्सिलनं लिहिलं, 'मांडी घालताना डावा घोटा टोचतो.' म्हणाली, "याला गुण नाहीत काकू, पण सर वाचतील."

त्यांनी आधी तेच वाचलं आणि अंगठ्यानं घोट्याची बाहेरची बाजू दाबली. "इथंच ना?"

"आई गं!"

"थोडं दुखतं तिला," हे म्हणाले.