एडिसन गावी आईसाठी घर पाहताना

न्यूयॉर्कच्या नैर्ऋत्येस, न्यूजर्सी राज्याच्या मिडलसेक्स परगण्यात एडिसन नावाचे गाव आहे. पूर्वी त्यास रॅरिटन म्हणत. गावाच्या मेन्लो पार्क या भागात १८७६ साली थॉमस एडिसनने प्रयोगशाळा थाटली, १८७९ मध्ये तेथेच त्याचा विजेचा दिवा उजळला आणि १९५४ मध्ये गावाने त्या संशोधकाचेच नाव धारण केले. प्रयोगशाळेच्या जागी आता एक उंच स्मारकस्तंभ असून त्याच्या माथ्यावर काचेचा प्रचंड दिवा बसविला आहे. ज्याच्या उजेडात आपण सर्वांनी अभ्यास केला, त्या दिव्याचे हे जन्मस्थान शिक्षकाने तरी पाहावेच.

परंतु आपल्याकडचा माणूस एडिसनला जातो तो बहुधा स्तंभासाठी नव्हे, ओक ट्री रोडसाठी! एडिसन आणि आयसेलिन या दोन वस्त्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर साड्या, सोने, मिठाई, वाणसामान यांची दुकाने एकीला एक लागून आहेत. शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, ओला नारळ, सारे मिळते. जवळच्या मेट्रोपार्क स्थानकावरून न्यूयॉर्कची आगगाडी मिळत असल्याने नोकरदार भारतीय कुटुंबे या परिसरात स्थिरावली.

आमचे धाकटे बंधू त्यांपैकीच एक. बावीस वर्षे ते तेथे आहेत व आता तेथील नागरिकही आहेत. मातोश्रींना अठ्ठ्याहत्तरावे वर्ष चालू आहे. वडील गेल्यापासून त्या जवळजवळ दरवर्षी तीन-चार महिने तिकडे जातात. गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही उभयता त्यांच्यासोबत गेलो, तेव्हा घरात एकच विषय होता : आईसाठी येथे वेगळे घर घ्यावे काय? बंधूंच्या घरी शयनगृहे सारी माडीवर. मातोश्रींचे गुडघे जिन्याला नकार देतात. त्यामुळे त्यांचे अंथरूण बैठकीतल्या कोचावर. पैसा कोठून आणावा, तर इंदुरास रामबागेतील आमच्या वाड्यातला त्यांचा हिस्सा विकून, असा विचार पुढे आला होता.

घर विकत घेण्यास अमेरिकेचा कायदा परदेशी माणसाला सहसा आडकाठी करीत नाही. आपल्याकडूनही रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते, आणि तीतून घरही घेता येते. अशा कामासाठी वर्षाला दहा लाख रुपयांपुढे जितकी रक्कम जाईल, तिच्यावर वीस टक्के कर बँक आगाऊ कापून घेते. तो पुढे आयकरात वळता होतो. येथवर सारे सुकर वाटते. खरी मेख पुढे आहे.

पहिली गोष्ट, घराची मालकी म्हणजे राहण्याचा हक्क नव्हे. प्रवासी व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी एका खेपेस किती दिवस राहावयाचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवितो. सामान्यतः सहा महिने. दुसरी गोष्ट घरपट्टीची. साऱ्या अमेरिकेत न्यूजर्सीची घरपट्टी सर्वांत जड मानली जाते. सरासरीने ती वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास पडते. घर आठ-नऊ महिने कुलपात असले, म्हणून त्यात सूट नाही. तिसरी गोष्ट अधिक नाजूक. आपल्याकडे मृत्युकर १९८५ साली उठला. अमेरिकेत तो आहे. तेथील नागरिकाला एक कोटीहून अधिक डॉलरची माफी मिळते. तेथे कायम वास्तव्य नसलेल्या परदेशी माणसाच्या तिथल्या मालमत्तेला मात्र केवळ साठ हजार डॉलरची. त्यापुढे कराचा दर चढत चढत चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे आईच्या नावावर मायेने घेतलेले घर मुलांच्या हाती येताना त्याचा केवढा लचका तुटावा!

बंधूंनी आणखी एक पर्याय दाखविला. अर्ध्या तासाच्या मोटारप्रवासावर मन्रो नावाचे गाव आहे. तेथे पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी राखीव वसाहती आहेत. घरे एकमजली, बागा राखलेल्या, बर्फ काढण्याची चिंता नाही. मातोश्रींनी सारे शांतपणे पाहिले आणि एकच विचारले,

"नातवंडं इथं माझ्याजवळ राहू शकतील का रे?"

"पाहुणी म्हणून काही दिवस येतील, आई. कायमची राहू शकणार नाहीत. इथला नियमच तसा आहे."

"मग मी इथं कुणासाठी राहू? आणि भाजी आणायची झाली, तर तू मोटार घेऊन येईपर्यंत वाट बघायची?"

या दोन प्रश्नांनी आमचा हिशेब पुरता बदलला. किंमत, कर, व्याज यांचे आकडे आम्ही मांडीत होतो. घरातून आपल्या पायांनी कोठवर जाता येईल, हा आकडा कोणीच मांडला नव्हता. वृद्धाला परमुलखात परके वाटते ते भाषेमुळे फारसे नव्हे. प्रत्येक पावलाला दुसऱ्याची मोटार लागते, त्यामुळे वाटते.

न्यूजर्सीत घरांचा एक प्रकार आहे. त्याला तेथील दलाल 'मदर-डॉटर' म्हणतात. आपण मायलेकीचे घर म्हणू. छप्पर एकच, परंतु तळमजल्यावर आईची निराळी खोली, न्हाणीघर व लहानसे स्वयंपाकघर. बंधूंनी आपले घर विकून असे एक घर स्वतःच्या नावावर घेतले. ओक ट्री रोडवरची दुकाने तेथून पायी दहा मिनिटांवर. अंगण थोडे लहान मिळाले, कर्ज थोडे वाढले. वाड्यातील हिस्सा मात्र जागच्या जागी राहिला. तो विकण्याची गोष्ट निघाली, तेव्हा मातोश्री एवढेच म्हणाल्या, "परतायला घर असलं, म्हणजे जायला भीती वाटत नाही."

या वाक्याचा अर्थ आपणा माळव्यातील मराठी माणसांना समजावून सांगावयास नको. १८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली, तिच्या आगेमागे आपल्यापैकी कितीकांचे पूर्वज नर्मदा ओलांडून इकडे आले. देशावरची घरे कित्येकांची कालांतराने गेली, पण गावाचे नाव आणि कुलदैवत आपण जपले. आज आपली मुले समुद्रापलीकडे घरे करीत आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा प्रश्न उभा असेल, त्यांना आमचे सांगणे एवढेच : घर मुलाच्या नावावर असावे, खोली आईची असावी, बाजार तिच्या पायांच्या टप्प्यात असावा, आणि इकडच्या घराची किल्ली तिच्याच पिशवीत राहू द्यावी.