छापील किंमत

फैजपुरात राहणाऱ्या माणसाने संगीताचा विचारसुद्धा भावाच्या अंगाने करावा, यात नवल मानण्याचे कारण नाही. कारण यावल-रावेरच्या या पट्ट्यात केळीची बाग ज्याची, पाणी ज्याचे, वादळात खोडे मोडली की ऊर बडवण्याची पाळी ज्याची, त्याला आपल्या घडाची किंमत मात्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते, आणि जाहीर झालेला भाव व प्रत्यक्ष पदरात पडलेला भाव यांमधील तफावत हा येथील ओट्यावरचा बारमाही विषय आहे. अशा श्रोत्याला अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरच्या फुगाझी या चौघांच्या संचाने १९९० साली काढलेली ‘रिपीटर’ ही पहिली पूर्ण स्टुडिओ-ध्वनिमुद्रिका प्रथम आवडली ती तिच्या हिशेबामुळे, असे म्हटल्यास रसिकांनी रागावू नये.

या संगीतप्रकाराला पोस्ट-हार्डकोअर म्हणतात. मूळचा हार्डकोअर म्हणजे दीड-दोन मिनिटांत उरकलेला संताप. पुढे त्याच तरुणांना थांबणे, दबा धरणे, आवाज उतरवून पुन्हा चढवणे यांची गोडी लागली आणि हा प्रकार जन्मला. आमच्या घरात तो आला पुतण्याच्या मोबाइलमधून. त्याच्या आजीने सोप्यातून विचारले, कोण कोणाला मारतो आहे, तेव्हा तो म्हणाला, “आजी, हे भांडन नही, गानं हाये.” म्हातारीला ते पटले नाही. मला पटायला ‘टर्नओव्हर’ हे पहिलेच गीत पुरले: गिटारचा नाद दुरून, जणू नाखुशीने, फुगत जवळ येतो, त्याखाली जो लॅलीचा बेस एकच चाल धरून बसतो, आणि मग ब्रेंडन कँटीचा ढोल सर्वांना एकदम कामाला जुंपतो. त्यानंतर इअन मॅकाय याचा हुकमी आणि गाय पिचोटो याचा कासावीस, असे दोन कंठ आलटून पालटून वादाला उभे राहतात; पिचोटोने गिटारही नेमाने हाती धरली ती याच मुद्रिकेपासून. ‘ग्रीड’ आणि ‘मर्चंडाइझ’ ही शीर्षकेच विषय सांगून टाकतात, आणि मला विचाराल तर त्यांत उपदेशाचा अंश जरा अधिकच आहे. शेवटचे ‘शट द डोअर’ मात्र कोणाला काही शिकवीत नाही, म्हणूनच ते अधिक काळ कानांत राहते.

पण मुद्दा हिशेबाचा. मॅकायने जेफ नेल्सन या मित्रासह १९८० साली डिस्कॉर्ड नावाची स्वतःचीच ध्वनिमुद्रण-संस्था काढलेली होती. तिच्या वेष्टनांवर टपालखर्चासह किंमत छापण्याची वहिवाट पडली, जेणेकरून मधल्या दुकानदाराला ती परभारे वाढवता येऊ नये. कार्यक्रमाचे तिकीट शक्यतो पाच डॉलर, प्रवेशाला वयाची अट नाही, आणि संचाच्या नावाचे सदरे विकण्यास साफ नकार. तो इतका प्रसिद्ध की, हा फुगाझीचा सदरा नव्हे, अशी अक्षरे छापलेले सदरे भलत्यांनीच विकले. गर्दीत कोणी दांडगाई करू लागला की वादन थांबे, त्याला व्यासपीठावरून समज मिळे, आणि न ऐकल्यास तिकिटाचे पैसे परत करून त्याची रवानगी होई.

हे वाचताना ज्या फैजपूरकराला १९३६चा डिसेंबर आठवणार नाही तो विरळा. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन ते, याच फैजपुरातले. पंडित नेहरू अध्यक्ष, त्यांच्यासाठी बैल जुंपलेला रथ, आणि अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगरची सारी शोभा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून उभी केलेली. शेतसारा व कर्ज यांविषयीचा कृषि-कार्यक्रम याच मांडवात ठरावरूपाने मंजूर झाला. हाताशी आहे त्यातून उभे करावे, हा दोन्हींकडील कारभाराचा समान धागा आहे. ‘रिपीटर’चे ध्वनिमुद्रणही परगावच्या आलिशान स्टुडिओत न होता शेजारच्या आर्लिंग्टनमधील इनर इअर येथे झाले, आणि निर्माता टेड नाइसली पाकशास्त्राचे शिक्षण घेत असल्यामुळे तेही सकाळच्या प्रहरीच.

मुंबईत स्क्राइब या संचाने २००८ साली ‘कन्फेक्ट’ ही पहिली मुद्रिका काढून याच घराण्याच्या जवळपासचे संगीत आपल्याकडे रुजवले, आणि पुढच्या मुद्रिकांच्या नावांत तेजा व मोगॅम्बो या हिंदी चित्रपटांतील खलपुरुषांना मानाने बसवले. हा विनोद फुगाझीला साधला नसता.

पुतण्याचे म्हणणे असे की, गवयांना जे जमले ते बागाईतदारांना का जमू नये, घडावरच किंमत लिहून टाकावी. कल्पना नामी आहे. अडचण एवढीच की, न खपलेली तबकडी वर्षभर फडताळात ठेवली तरी तिचे काही बिघडत नाही. घड एकदा कापला की मालकाला घासाघीस करायला फार तर ट्रक भरेपर्यंतची सवड असते, आणि हे मालकाइतकेच व्यापाऱ्यालाही ठाऊक असते.