शकुंतलेच्या रुळांच्या कडेने

मूर्तिजापूर, सोमवार

आई,

सुखरूप पोहोचले. आपल्या गिरगावच्या नाना शंकरशेटांनी ध्यास घेतला आणि १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला गेली. तीच रेल्वे पुढे वऱ्हाडात आली. मूर्तिजापूर तिच्यावरचं जंक्शन. इथून अडीच फुटी रुळांचे दोन फाटे निघतात: एक अचलपूरला, ७६ किलोमीटर, दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. यांवरून ‘शकुंतला’ ही गाडी धावायची. आता दोन्ही बंद आहेत.

किलिक निक्सन कंपनीने हे रूळ घातले ते कापसासाठी. १९१६ पर्यंत काम पुरं झालं. यवतमाळचा कापूस इथे मोठ्या गाडीत चढायचा आणि मुंबई बंदरातून मँचेस्टरला जायचा. शकुंतलेचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बांधलेलं. ते १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं.

अंजनगाव सुर्जी, बुधवार

आई, १८०३ साली शिंदे आणि इंग्रजांचा तह झाला तेच हे गाव. आजूबाजूला पानमळे आहेत. स्टेशनात मात्र रुळांवर गवत माजलंय.

एक म्हातारे शेतकरी भेटले. ते सांगत होते, लहान स्टेशनांवर तिकीटबाबू नसे, गार्डच उतरून तिकिटं द्यायचा. फाटक आलं की गाडीवरचाच माणूस खाली उतरून ते लावायचा आणि गाडी पलीकडे गेली की उघडायचा. भाडं एसटीपेक्षा कितीतरी कमी, म्हणून मजुरांना आणि बाजारकरणींना हीच गाडी परवडे. म्हातारबाबा म्हणाले, “गाडी हयू जाये, पण गरिबाची होती.”

अचलपूर, गुरुवार

गाडी का थांबली, हे तू विचारशीलच. १९५१ मध्ये रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातून ही राहून गेली. मालकी कंपनीची, गाडी चालवायची मध्य रेल्वे. जुने रूळ बदलायला पैसा घालायचा कुणी, हे ठरलंच नाही. रूळ खिळखिळे होत गेले, गाडीचा वेग कमी होत गेला आणि शेवटी आधी यवतमाळची, मग अचलपूरची फेरी थांबली. ब्रॉडगेज करायची योजना २०१६ साली जाहीर झाली, पण इथले लोक अजून गाडीची वाट पाहताहेत.

आपल्या गिरगावातल्या खोताच्या वाडीतलं एखादं लाकडी घर पडलं की निदान पेपरात बातमी येते. इथली स्टेशनं एकेक करून मोडताहेत, त्यांची दखल मुंबईत कोण घेतं? हे पत्र वाडीतल्या सगळ्यांना वाचून दाखव. कापसासाठी घातलेली ही रेल्वे वऱ्हाडातल्या गरिबांनी शंभर वर्षं आपली मानली. रूळ रुंद करा किंवा आहेत तेच दुरुस्त करा, पण त्यांची गाडी त्यांना परत मिळालीच पाहिजे.

तुझी,
धाकटी