साठ वर्षे डोक्यात वागवलेली पट्टी

मार्च १९६२, ब्रिजटाउन. भारताचे क्रिकेट कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीवर गोलंदाज चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. वय २८. डोक्यावर हेल्मेट नाही. त्या काळी कुणाच्याच नसे. शस्त्रक्रिया झाली, रक्त लागले, आणि ते द्यायला वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले. पुढे तमिळनाडूत कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली गेली.

ते पुन्हा रणजी खेळले. कसोटी मात्र कधीच नाही.

ती पट्टी घेऊनच ते म्हातारे झाले. एप्रिल २०२२ मध्ये, ८८ व्या वर्षी, मुंबईत ती काढावी लागली, कारण तिच्यावरची कातडी विरळ होत चालली होती. तरुणपणी जे निभावले, ते उतारवयात पुन्हा दुखणे होऊन पुढे आले.

मेंदूचेही तसेच होते. वयाबरोबर तो थोडा आक्रसतो, कवटी आणि मेंदूमधली जागा वाढते, तिथल्या बारीक शिरा ताणल्या जातात. मग न्हाणीघरात साधे डोके आपटले तरी रक्त हळूहळू साचत जाते. काही आठवड्यांनी माणूस अडखळतो, गोंधळतो. घरचे म्हणतात, ‘वय झालंय आता त्यांचं.’ हे साचलेले रक्त वेळेत काढले, तर असे कितीतरी रुग्ण पुन्हा नीट चालू-बोलू लागतात. म्हणून ‘वय झालंय’ हे वाक्य फार घातक आहे. जुन्या गंभीर इजेनंतर फिट्स अनेक वर्षांनीही सुरू होऊ शकतात, स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो.

कोल्हापूरला हे जास्त लागू पडते. पाटाकडील आणि प्रॅक्टिस या फुटबॉल संघांचा सामना असला की शाहू स्टेडियम भरून जाते, आणि हेडर म्हणजे डोक्याने चेंडू मारणाऱ्याला मोठी दाद मिळते. स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीन पट निघाले. हृदयविकाराचे मृत्यू मात्र कमी. म्हणजे खेळाने हृदय राखले, डोके नाही. खेळ सोडावा असे कोण म्हणेल? पण लहान पोरांच्या सरावातून हेडर काढायलाच हवा. इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयासाठी तो काढला.

आणि तालमीत, मैदानात किंवा महामार्गावर कधीकाळी डोक्याला मार बसलेले कुणी घरात असतील, तर त्यांना दवाखान्यात नेताना जुनी फाईल सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. फाईल हरवली असली, तरी मार कोणत्या वर्षी बसला ते डॉक्टरांना सांगाच.