हापूसच्या पोटातला साका

हापूस बाहेरून कितीही देखणा असला, तरी सुरी फिरेपर्यंत त्याची हमी देता येत नाही. साल केशरी, वास घमघमता. कापल्यावर मात्र कोयीलगतचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट. हाच साका. चीमा आणि दाणी या संशोधकांनी १९३४ मध्ये त्याची नोंद केली. आजही तो पेटीत बसून बाजारात येतोच आहे.

काढणीपश्चात तंत्रज्ञान हे माझं क्षेत्र. साका निघाला, की बागेपासून गिऱ्हाइकापर्यंतच्या साखळीत विक्रेता फळ बदलून देतो, निर्यातदार गिऱ्हाईक गमावतो आणि व्यापारी हे नुकसान गृहीत धरून आधीच भाव पाडून मागतो. शेवटी भुर्दंड बागायतदारावर पडतो, आणि आपल्या कोणत्या कलमाच्या फळात साका निघाला हे त्यालाच कळत नाही.

फळमाशीमुळे युरोपीय संघाने २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली, तेव्हा काढणीनंतरच्या उष्ण प्रक्रिया आणि काटेकोर तपासणी कामी आली. पुढच्या वर्षी बंदी उठली. साक्यावर काढणीनंतर असा इलाज नाही, कारण त्याची सुरुवात झाडावरच होते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील अभ्यासानुसार, फळ पक्व होत असतानाच आतलं बी रुजण्याच्या तयारीला लागतं आणि भोवतीच्या गरावर त्याचा परिणाम होतो. तापलेल्या जमिनीची धगही साका वाढवते.

म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन हवं आणि फळ चौदा आणे तयार झालं की उतरवायला हवं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने फळ डेखासह निघतं आणि अलगद जाळीत येतं. डेख राहिल्याने चीक सालीवर ओघळत नाही. मग फळं पाण्यात सोडावीत. ज्यांचं विशिष्ट गुरुत्व एकपेक्षा जास्त, ती बुडतात. साक्याचा धोका त्यांच्यातच अधिक. तरंगणारी फळं लांबच्या प्रवासाला आणि बुडालेली कॅनिंगला द्यावीत. तिथे प्रत्येक फळ कापलंच जातं, त्यामुळे साका गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत पोचत नाही.

याच विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून साकामुक्त ‘रत्ना’ दिला. तरीही लोक हापूसच मागणार, आणि मागावाच. त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ कुठलं, हे त्यावरून कळतं. ते कधी उतरवलं, हे कळत नाही. माझा आग्रह एवढाच आहे: प्रत्येक पेटीवर बाग, काढणीची तारीख आणि पाण्यातल्या चाचणीचा निकाल लिहा. साका निघाला, तर त्या पेटीची खबर त्याच हंगामात बागेपर्यंत पोचवा. पुढच्या काढणीआधी ती मिळाली, तर बागायतदार चार दिवस लवकर झेला हातात घेईल.