वाढत्या अंगाची बॅट घेऊ नका

मंडळी, या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातील. म्हणजे इंग्लंडातल्या आपल्या बऱ्याच आईबाबांना क्लबचा तो मेल येऊन पडला असणार. ज्युनियर क्रिकेटची नोंदणी सुरू, एप्रिलअखेर पहिला सराव, आणि खाली लांबलचक यादी: बॅट, पॅड, ग्लव्ह्ज, हेल्मेट, पांढरे कपडे, बूट, बॅग. तुमच्यातल्या काही जणांनी यादी वाचून "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणत फोन बाजूला ठेवला असेल. आजची पोस्ट खास तुमच्यासाठी.

"पुढच्या वर्षी" का म्हणावंसं वाटतं ते मला चांगलं माहितीये. २०२४ पासून व्हिसाबरोबरचा हेल्थ सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे. चौघांचं कुटुंब, तीन वर्षांचा व्हिसा, करा हिशोब: १०,८६६ पौंड, तेही आगाऊ. व्हिसाची फी वेगळी. कंपनीने भरले तर ठीक, नाहीतर विमानात बसायच्या आधीच बचत साफ. मग घराचं डिपॉझिट, पडदे, गाद्या, थंडीचे कोट. अशा वेळी दहा वर्षांच्या पोराच्या बॅटीसाठी दुकानात शंभर पौंड मोजायचे म्हणजे पोटात गोळाच येतो.

पण नवं परवडत नाही आणि जुनं घ्यायला मन होत नाही, या दोन्हींच्या मध्ये पोराचा एक अख्खा उन्हाळा निघून जातो. इथला मोसम केवढा? एप्रिलअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, त्यातही पाऊस. आमची लेक रेडिंगला आली तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेत पहिले काही महिने तोंडातून शब्द काढायची नाही. बाई म्हणायच्या, "शांत आहे." घरी मात्र डोकं उठवायची! ती इंग्रजीत पहिल्यांदा मोठ्याने ओरडली ती मैदानावर: "यस! वेट! नो!" क्रिकेटमध्ये हे तीन शब्द न ओरडता चालतच नाही, नाहीतर समोरची रनआउट होते. हे पुढच्या वर्षावर ढकललं असतं तर तिचं काय झालं असतं, याचा मी फार विचार करत नाही.

आता किटचं बघू. मूल पाच ते आठ वर्षांचं असेल तर ऑल स्टार्स आणि आठ ते अकरा असेल तर डायनॅमोज, हे मऊ बॉलचे कार्यक्रम आहेत. पॅड लागत नाहीत, यादी विसरा. खरा खर्च सीझन बॉल सुरू झाला की. (इथे त्याला हार्ड बॉल म्हणतात. माझ्या तोंडी अजून सीझन बॉलच येतं.) तेरा वर्षांखालच्यांना पावणेपाच औंसाचा बॉल, मोठ्या मुलग्यांना साडेपाच.

बॅटींचे आकार एक ते सहा, मग हॅरो, मग मोठ्यांची शॉर्ट हँडल. मूल दर दीड-दोन वर्षांनी पुढच्या आकारात जातं. आणि इथेच आपली जुनी सवय आडवी येते. आपण सगळे वाढत्या अंगाचे कपडे घालून मोठे झालो. दिवाळीचा फ्रॉक दोन बोटं उसवून पुढच्या दिवाळीला पुन्हा हजर. ते फ्रॉकला चालतं, बॅटीला चालत नाही. बॅट जड झाली की मूल ती सरळ उचलूच शकत नाही. प्रत्येक बॉल आडव्या बॅटीने लेगला हाणतं, आणि ती सवय पुढे जाता जात नाही. म्हणून आकार आजच्या उंचीचा घ्या, आणि म्हणूनच वापरलेली घ्या.

वापरलेली बॅट उलट जास्त चांगली असते, हे मला क्लबच्या कोचने सांगितलं. इंग्लिश विलोची नवी बॅट तशीच खेळायला घेतली तर फुटू शकते. आधी तिला जवसाचं तेल लावायचं, मग लाकडी हातोडीने तासन् तास ठोकायचं. जुन्या बॅटीचं हे सगळं दुसऱ्या कुणाच्या बाबांनी करून ठेवलेलं असतं. घेताना दांडा पिळून बघा, करकर वाजला तर नको. दांडा पात्यात बसवलेला असतो तिथला सांधा बघा, खालची कड ओल लागून फुगली आहे का ते बघा. पुढच्या बाजूच्या बारीक केसासारख्या रेघांना घाबरू नका, त्या असतातच.

मिळतं कुठे? रविवारच्या कार बूट सेलमध्ये. सकाळी लवकर गेलात तर माल चांगला, आवरायच्या वेळी गेलात तर भाव चांगला. तिथे घासाघीस खुशाल करा, सुटे पैसे न्या. (अडचण एवढीच की ज्युनियर मॅचेसही बहुधा रविवारी सकाळीच असतात.) चॅरिटी शॉपमध्ये घासाघीस करू नका, तो पैसा कामाला जातो. तिथे पांढरे शर्ट-पँट हमखास सापडतात. मार्केटप्लेसवर घेत असाल तर दिवसाउजेडी जा, वस्तू हातात घ्या, मगच पैसे द्या. "आधी थोडे पाठवा, तुमच्यासाठी ठेवतो" म्हणणाऱ्याला पाठवू नका. आणि सगळ्यात आधी क्लबच्या पालकांच्या ग्रुपवर एक ओळ टाका: अमुक आकाराचे पॅड कुणाकडे पडून आहेत का?

ही एक ओळ टाकायला आमच्या घरी तीन आठवडे लागले. नवरा म्हणाला, "मागायचं कसं?" आणि व्हिडिओ कॉलवर सासूबाई, "अगं, कुणाकुणाचं उतरलेलं घालणार पोर?"

आता हे आपल्याला का लागतं बघा. मुळात आपण जुन्याला नाक मुरडणारे लोक नाही. बाळाचं पहिलं झबलं आतेभावंडांकडून आलेलं, त्याखाली आजीच्या लुगड्याची गोधडी. पण ते घरातलं. घराबाहेर जुनं जायचं ते बोहारणीकडे, त्यावर एक स्टीलचं पातेलं मिळायचं. किंवा कामवाल्या मावशींच्या मुलांना. म्हणजे आपण कायम देणाऱ्या बाजूला होतो, आणि घेणारा आपल्यापेक्षा खालचा, हे न बोलता ठरलेलं होतं. परदेशात येऊन पहिल्यांदा हात पुढे करायची वेळ आली की तेच आपल्याला टोचतं. सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, "आई, इथे डॉक्टरीणबाईंचा मुलगाही हेच घालतो." त्या गप्प झाल्या. पटलं की नाही, विचारलं नाही.

पॅड मिळाले. एक बाई कार पार्कमध्ये डिकी उघडून म्हणाल्या, "न्या हो, गॅरेजमधली जागा तरी मोकळी होईल." आतल्या बाजूला मार्करने तीन मुलांची नावं, दोन खोडलेली. लेकीने तिसरं खोडून आपलं नाव मराठीत लिहिलं. नवऱ्याला पैसे न देता घेणं काही सहन होईना, म्हणून त्याने ॲपवर स्कोअर लिहायचं काम अंगावर घेतलं. आज सगळा क्लब त्याला ओळखतो. मुलाला सोडून गाडीत फोन बघत बसणाऱ्या बाबांनी हे करून बघायला हरकत नाही.

दोन गोष्टी मात्र नव्याच घ्या. हेल्मेट, कारण एकदा जोरात बॉल बसलेल्या हेल्मेटची आतली ताकद गेलेली असते आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यावर बी.एस. ७९२८:२०१३ असं लिहिलेलं असायला हवं. अठराच्या आतल्या मुलांना सीझन बॉलसमोर हेल्मेटशिवाय खेळू देत नाहीत. दुसरी गोष्ट मुलग्यांची, ती कुणी जुनी घेईल असं वाटत नाही! फी जड वाटत असेल तर क्लबच्या माणसाला सरळ विचारा. आमच्याकडे हप्ते करून देतात, गवगवा न करता.

तर आमच्याकडे चार नंबरची एक बॅट आहे, तेल लावून ठेवलेली, आणि ते पॅड, चार नावांचे. रेडिंगच्या आसपास कुणाला हवं असेल तर इनबॉक्स करा, शनिवारी सकाळी घरीच आहोत. पैसे नकोत. हेल्मेट मागू नका, देणार नाही.