सव्वीस बाय दीड

घराच्या मागच्या पडवीत मोठ्या मुलाची रेंजर सायकल सहा वर्षं उभी होती. आमच्याकडे जाड टायरच्या कुठल्याही सायकलीला रेंजरच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि सायकल मागे राहिली. तिच्यावर ओढण्या वाळायच्या, कधी कोंबड्या बसायच्या. यंदा लेक नववीत गेली. गणिताचा क्लास म्हसावदच्या दुसऱ्या टोकाला, सुटेपर्यंत दिवस मावळायला आलेला. एक दिवस ती म्हणाली, "अब्बा, भाई की सायकल मेरे को बना दो ना."

सायकल उतरवून पाहिली. चिमटा, फ्रेम, हब शाबूत. रिमा गंजलेल्या, टायरला भेगा पडलेल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या काळ्या मातीत जाड गोट्यांचे टायर कामाचे, पण लेकीचा रस्ता डांबरी. तिथे ते टायर नुसते घरघरतात आणि पायांचा जीव काढतात. म्हणून मी ठरवलं, थोडे बारीक टायर टाकू. जुन्या टायरवर 26 x 2.10 लिहिलेलं होतं. मुलाने फोनवर सांगितलं, "26 बाय 1.5 आणा." दुकानात गेलो. टायरवर 26 x 1½ छापलेलं. दीड म्हणजे दीड. दोन घेतले आणि घरी आलो.

संध्याकाळी चढवायला बसलो तर टायर रिमवर थांबेचना. बांगडी मनगटावर फिरावी तसा सैल फिरत होता. ट्यूबमध्ये हवा भरली तर एका बाजूने बाहेर आला. मला वाटलं, माल खराब आहे. दुकानदाराला चार शब्द सुनवायचे, असं मनात पक्कं केलं.

लेक मोबाइलची बॅटरी लावून दोन्ही टायर पाहत होती. म्हणाली, "अब्बा, बारीक अक्षरांत अजून एक नंबर आहे." जुन्यावर 54-559 होतं, नव्यावर 40-584.

खरं माप ते होतं. पहिला आकडा टायरची रुंदी. दुसरा आकडा रिममध्ये टायरची तार जिथे बसते, त्या जागेचा व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. 559 च्या रिमवर 584 चा टायर, म्हणजे 25 मिलिमीटर मोठा. तो सैल बसणारच. गणितात 1.5 आणि 1½ एकच. सायकलच्या दुनियेत दशांशातलं 26 x 1.5 म्हणजे 559 चं चाक आणि अपूर्णांकातलं 26 x 1½ म्हणजे 584 चं. दुकानदाराची काही चूक नव्हती. मी अर्धवट वाचलं होतं.

रात्री मी आणि लेक यावर वाचत बसलो. 584 चं माप फ्रान्सच्या जुन्या प्रवासी सायकलींचं, तिथे त्याला 650 बी म्हणतात. 559 अमेरिकेचं. 1933 मध्ये श्विन कंपनीने तिथे फुगीर टायरच्या सायकली आणल्या. पुढे 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं त्याच जुन्या दणकट सायकली माउंट टॅमलपायसच्या उतारावरून पळवू लागली, आणि त्यातून माउंटन बाइक जन्मली. म्हणून तिला 559 चं चाक मिळालं, आणि आमच्या रेंजरलाही. आता गंमत अशी की, गेल्या दहा-पंधरा वर्षांत नव्या माउंटन बाइकना परत 584 चं चाक आलं आणि त्याचं नाव ठेवलं साडेसत्तावीस. म्हणजे एका चाकाला तीन नावं, आणि 26 या एका नावाखाली वेगवेगळी चाकं. अब्बांच्या काळ्या सायकलीला सगळे 'चोवीस इंची' म्हणायचे. ते चोवीस फ्रेमचं माप होतं, चाक अठ्ठावीसचं.

दुसऱ्या दिवशी टायर परत करायचं सोडून मी सायकल घेऊन मिस्त्रीचाचांकडे गेलो. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, रिमा तर गंजल्याच आहेत. टायर बदलण्यापेक्षा रिम बदलू." हब तोच ठेवायचा आणि त्यावर 584 ची रिम विणायची. हबला 36 भोकं, म्हणून रिमही 36 भोकांचीच हवी. रिम मोठी, म्हणून तारा साधारण 12 मिलिमीटर लांब लागणार. चाक मोठं झालं तर चिमट्यात अडकेल का, ही माझी भीती. लेकीने पाटीवर हिशेब मांडला: 559 आणि दोन वेळा 54, एकूण 667. 584 आणि दोन वेळा 40, एकूण 664. रिम वाढली, टायर बारीक झाला, बाहेरून चाक तीन मिलिमीटरने लहानच. ना चिमट्यात अडकणार, ना पेडल जमिनीला लागणार.

खरी अडचण ब्रेकची. रिमची कड साडेबारा मिलिमीटर वर सरकते, तर ब्रेकचे रबरही तेवढेच वर सरकले पाहिजेत. मागच्या ब्रेकच्या खाचेत जागा होती. पुढच्याची खाच अपुरी पडली आणि रबर रिमऐवजी तिच्या खाली, तारांकडे जाऊ लागला. चाचा म्हणाले, "खाच कानशीने वाढवून देणारे आहेत. मी देत नाही. मुलीची सायकल आहे." आखूड हातांचा ब्रेक शहाद्याहून यायला चार दिवस लागले. तेवढे दिवस सायकल दुकानातच राहिली. डिस्क ब्रेकच्या सायकलीला हा त्रास नसतो, तिथे ब्रेक रिमला धरतच नाही.

त्या चार दिवसांत मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. बी.एड. करून नुकताच लागलो होतो. उर्दू माध्यमाचा सातवीचा वर्ग, मराठीचा निबंध. एका मुलाने लिहिलं होतं, "दोन शेजाऱ्यांचं भांडण झालं. सरपंचांनी त्यांचा राजीनामा करून दिला." मी ते वर्गात मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "सरपंचांनी दोघांना नोकरी सोडायला लावली का रे?" वर्ग हसला. तो हसला नाही. उर्दूत राजीनामा म्हणजे तडजोड, समेट. त्याचा शब्द त्याच्या घरी बरोबर होता. मी दोन्ही भाषा शिकवणारा माणूस, मला ते माहीत होतं, तरी मी लाल रेघ मारली. त्या वर्षात त्याने परत कधी हात वर केला नाही.

असे शब्द आपल्याकडे कितीतरी आहेत. खुलासा मराठीत स्पष्टीकरण, उर्दूत सारांश. तालीम मराठीत आखाडा, उर्दूत शिक्षण. शिकस्त मराठीत प्रयत्नांची पराकाष्ठा, उर्दूत पराभव. वर छापलेलं नाव एकच, आतलं माप वेगळं. हे सांगायला एक मिनिट लागतं. मी ते एक मिनिट त्या मुलाला दिलं नाही, आणि सैल टायर पाहून दुकानदारालाही देणार नव्हतो.

यंदा मी वर्गात अशा शब्दांचा तक्ता लावला आहे. मुलं घरून शब्द आणतात, आजी-आजोबांना विचारून. वहीत असा शब्द आला तर लाल रेघ मारत नाही. बाजूला लिहितो, "उर्दूत बरोबर. मराठीत तडजोड लिही." त्या मुलाला याचा उपयोग नाही, हे मला कळतं.

चाचांनी चाकाचा आऊट काढून सायकल हातात दिली तेव्हा लेकीने बसण्याआधी पुढचा ब्रेक दोनदा दाबून पाहिला. आता ती रोज क्लासला जाते. ब्रेक अजून थोडा ओरडतो. ती वळणावर आली की घरात आधी तोच आवाज येतो, आणि तिची अम्मी चहा ठेवते.

टायर घ्यायला जाल तेव्हा मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. बाजूचा बारीक आकडा वाचा.